मुलांचा तबला

एप्रिल लागला की आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमधून भूप यायला लागतो. पिंपळे गुरवचे रस्ते संध्याकाळीही तापलेले असतात, पार्किंगमध्ये आंब्याच्या पेट्या उतरत असतात, कुणीतरी कूलरमध्ये बादलीनं पाणी ओतत असतं, आणि वरून दहा-बारा मुलींचा एकच एक सा. गायनाच्या परीक्षांचा हंगाम. बाकीचे लोक चहाचा कप घेऊन गॅलरीत येतात आणि म्हणतात, किती प्रसन्न वाटतं ना. माझी मान आखडते. मी खिडकी लावून घेते आणि उकाड्यात बसते.

संगीतानं मन शांत होतं असं सांगणाऱ्या माणसांबद्दल मला आदर आहे. ती आमच्या सरांच्या क्लासला आलेली नाहीत, एवढंच मी म्हणेन.

सरांचा क्लास चिंचवड स्टेशनजवळच्या एका इमारतीच्या गच्चीवर होता, पत्र्याच्या खोलीत. मी तेव्हा आठवीतून नववीत चालले होते. त्या खोलीचा वास मला आजही सांगता येतो: तापलेला पत्रा, घामट सतरंजी, अगरबत्ती आणि तबल्यावर टाकायची पावडर. कोपऱ्यात इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचं खोकं अखंड गुणगुणत असायचं. लोणावळा लोकल आली की सर हात वर करायचे, सगळ्या मुली जिथल्या तिथे थांबायच्या. गाडी जाईपर्यंत गळ्याला सुट्टी. मी त्या गाडीची वाट पाहायचे. माझ्या गाण्याच्या शिक्षणात मला मनापासून आवडलेली गोष्ट ती एकच.

सरांच्या डोक्यावरच्या फळीवर दोन तबले असायचे. एक लहान तोंडाचा, काळी पाचला लावलेला, तो मुलींचा. दुसरा मोठ्या तोंडाचा, काळी एकला लावलेला, लाल गवसणीतला, तो मुलांचा. मुलींच्या वाराला मुलींचा तबला खाली यायचा, मुलांच्या वाराला मुलांचा. काळी पाच म्हणजे पेटीवरची एक उंच पट्टी. क्लासात पाऊल ठेवणारी प्रत्येक मुलगी, तिचा गळा कसाही असो, तिथून गायची. कुणाचा आवाज कुठे बसतो हे सरांनी कधी ऐकून पाहिलं नाही. मुलगी ना, मग काळी पाच. चपलांच्या दुकानातसुद्धा आधी पाय बघतात.

स्वातीला काही त्रास नव्हता. स्वाती आमच्या बॅचची पहिल्या रांगेतली. तिचा आवाजच बारीक, उंच, काळी पाचवर जन्मल्यासारखा. सर तिला उभं करून म्हणायचे, "बघा, याला म्हणतात घडवलेला आवाज." त्यात स्वातीचं कर्तृत्व काही नव्हतं, आणि सरांचं तर मुळीच नव्हतं. पण जो गळा आयता पट्टीत बसतो त्याचं श्रेय शिकवणाऱ्याचं, आणि जो बसत नाही त्याचा दोष गळ्याच्या मालकाचा, हा हिशोब गाण्याच्या बऱ्याच क्लासांत चालतो. तेव्हा चालायचा आणि आजही चालतो.

माझा आवाज आधी त्या पट्टीत बसायचा. त्या उन्हाळ्यात बसेनासा झाला. होळीच्या सुमाराला तो जड व्हायला लागला, वरच्या सा ला गेलं की मधूनच हवा सुटायची, बोलतानाही खरखर. हे का होतं ते मला पुढे एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरबाईंनी दोन मिनिटांत सांगितलं. वयात येताना मुलींचा गळाही वाढतो, स्वरतंतू लांबतात, आवाज थोडा खाली उतरतो, काही दिवस घोगरा होतो. मुलांइतकं ते उघड दिसत नाही, पण होतं. अशा वेळी आवाजाला जपायचं, ताणायचं नाही, तो जिथे बसेल तिथे गाऊ द्यायचं. एवढंच शास्त्र आहे. ते शिकायला हिमालयात जावं लागत नाही.

सरांचं शास्त्र वेगळं होतं. "आवाज फुटतो तो मुलांचा. मुलींचा कसला फुटतोय? तुझा रियाज कमी पडतोय." मग रियाज. "पोटातून काढ." पोटातून म्हणजे कुठून, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. "लागत नाही म्हणजे काय? लावायचा." खोकला आला तरी रियाज कमी, रडू आलं तरी रियाज कमी. गाडी शिकवायची तर माणसाला परवाना लागतो. कुणाच्या पोरीचा गळा हातात घ्यायला मात्र भिंतीवर दोन जुने फोटो आणि खांद्यावर उपरणं पुरतं.

आणि पथ्य. आवाजाचा सगळा अभ्यास आमच्या क्लासात फ्रीजच्या दारापाशी येऊन थांबायचा. ताक बंद, दही बंद, चिंच बंद, पन्हं बंद, कुल्फीचं तर नाव नको. चिंचवडच्या त्या उन्हात मी कोमट पाणी प्यायले. घरी भावंडं गच्चीच्या पायऱ्यांवर बसून ताकाचे पेले रिकामे करायची आणि मी ज्येष्ठमधाची काडी चघळत बघायचे. आजही ज्येष्ठमधाचा वास आला की मला कुणाच्या तरी कानाखाली द्यावीशी वाटते.

मी एकदा धीर करून बाळूदादांना विचारलं होतं. बाळूदादा म्हणजे आमचे तबलजी, चिंचवड गावठाणातले, फर्स्ट शिफ्ट संपवून थेट क्लासला यायचे. मी म्हटलं, "दादा, तबला थोडा खाली लावता नाही येणार का?"

त्यांनी हातोडी बाजूला ठेवली. "न्हाई उतरायचा गं. ल्हान तोंडाचा हाय त्यो. लई खाली घेतला तर आवाजच मरतो त्याचा."

"मग मी काय करू?"

"तूच चढ वर."

हे ते हसून, मायेनं म्हणाले. तबल्याचा आवाज मरू नये याची त्यांना केवढी काळजी.

घरी सांगून पाहिलं. वडील जेवताना कंपनीतल्या गोष्टी सांगायचे. त्यांची आवडती गोष्ट अशी की पार्ट मापात बसला नाही तर नवी पोरं लगेच पार्टच रिजेक्ट करतात. आधी मापाचं गेज तपासावं लागतंय, गेजच चुकलं असंल तर? हे ते इतक्यांदा सांगायचे की आम्हाला पाठ झालं होतं. त्याच माणसाला मी म्हटलं, बाबा, पट्टी मला उंच होतेय. घास हातात धरून ते म्हणाले, "एवढे मोठे सर म्हणायलेत म्हणल्यावर काहीतरी असंलच की. तू रियाज कर, बाळा." कंपनीत त्यांना कुणी गप्प करू शकत नसे. क्लासच्या दारात मात्र ते चप्पल काढण्याआधीच हात जोडायचे.

परवा माझी मुलगी रेवा क्लबहाउसमधून परत आली. तेरा वर्षांची आहे, यंदा परीक्षेला बसलीय. गाणं शिकायचं हा हट्ट तिचाच. मी नको म्हणायला तोंड उघडलं होतं, पण कारण सांगावं लागलं असतं. गेले दोन महिने तिचा आवाज घोगरा झालाय. ताई म्हणाल्या म्हणून माझ्याच घरात ज्येष्ठमधाची पुडी आलीय आणि ताक बंद झालंय. ही ताई म्हणजे स्वाती. तीच, पहिल्या रांगेतली. सर गेले, आता क्लास ती चालवते, आमच्या सोसायटीत आणि आणखी दोन ठिकाणी. पत्र्याच्या खोलीऐवजी एसी आहे आणि तबल्याऐवजी फोनवर अ‍ॅप. रेवानं दप्तर टाकलं, बाटली टाकली, आणि चेहरा धुऊन आल्यावर म्हणाली, "ताईंनी सांगितलं, कार्यक्रमातल्या समूहगीतात मी गायचं नाही. नुसते ओठ हलवायचे."

मी भेंडी चिरत होते. सुरी खाली ठेवली.

त्या उन्हाळ्यातला एक रविवार मला लख्ख आठवतो. सकाळी मुलांची बॅच होती, मी लवकर पोहोचले होते. सर खाली कुणाशी तरी बोलत थांबलेले. मुलं निघून गेली होती, खोकं बंद होतं आणि बाळूदादा मुलांचा तबला पुढ्यात घेऊन सहज एकेक टपली मारत बसले होते. त्या आवाजावर मी नकळत गुणगुणायला लागले. कुठला सा धरला ते मला तेव्हा कळलं नाही. पण तो आला. न ढकलता, न ताणता, भरून आला. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा माझ्या घशात काही दुखत नव्हतं. मी भूपाचा आरोह केला, वरच्या सा वर गेले, तिथे थांबले, हवं तितकं थांबले. बाळूदादांची बोटं ठेक्यावर आली. "बसला की गं बरोबर," ते म्हणाले.

तेवढ्यात सर दारात आले. "हे काय रेकणं चाललंय पुरुषासारखं?" मग बाळूदादांकडे बघून, "तो मुलांचा आहे. ठेव वर." बाळूदादांनी तबला लाल गवसणीत घातला, नाडी ओढली आणि फळीवर ठेवला. सरांनी खोकं सुरू केलं आणि बटण फिरवून काळी पाचवर आणलं. मी उभी राहिले आणि तिथून फाटके सा काढत गेले.

अक्षय्य तृतीयेला क्लासचा वर्धापनदिन असायचा, एका मंगल कार्यालयात. मुलींचं समूहगान, सगळ्यांना सारख्या साड्या, केसांत गजरे. आदल्या दिवशी सरांनी मला बोलावलं आणि अगदी हळू, समजुतीच्या सुरात म्हणाले, "तू मागच्या रांगेत उभी राहा. आणि नुसते ओठ हलव. कुणाला कळणार नाही." खरंच कुणाला कळलं नाही. आई-वडिलांनाही नाही. वडील घरी येताना म्हणाले, तुझा आवाज वेगळा ऐकू येत होता बरं का.

पुढे परीक्षेत वरच्या सा ला माझ्या तोंडातून नुसती हवा आली. परीक्षक भले होते, पाणी पी म्हणाले, पासही केलं. सर बाहेर म्हणाले, "क्लासचं नाव घालवलंस." मी क्लास सोडला. एवढीच गोष्ट. तिच्यात कुणी मेलं नाही, कुणाचं घर बुडालं नाही, म्हणून कुणाला सांगायलाही ती पुरत नाही.

पण ओठ हलवायची सवय राहिली. गणपतीच्या आरतीत मी टाळ्या वाजवते आणि ओठ हलवते. राष्ट्रगीताला ओठ हलवते. कुणाच्या वाढदिवसाला केकसमोर उभी राहून ओठ हलवते. रेवा तान्ही असताना तिला मांडीवर घेऊन झोपवायला मी मोबाइलवर गाणी लावायचे, कारण आईनं गायचं असतं तेव्हाही माझे ओठच हलायचे. तळवड्याला ऑफिसात दिवसभर कॉलवर बोलते. मी हॅलो म्हटलं की समोरचा हमखास म्हणतो, बोला सर. तेव्हा मला हसू येतं, पण ते चांगलं हसू नसतं.

माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल मनात काही ठेवू नये म्हणतात. मी ठेवलंय. सरांच्या शोकसभेला सगळी बॅच गेली होती. मी त्या दिवशी घरी बसून दह्याची वाटी संपवली.

तर सुरी ठेवून मी क्लबहाउसमध्ये गेले. स्वाती आवराआवर करत होती. भिंतीवर सरांचा फोटो, चंदनाच्या हारासकट. "अगं, तू? ये ना, बस," ती म्हणाली. मी बसले नाही.

"रेवाची पट्टी बदल," मी म्हटलं.

"आता? परीक्षा तोंडावर आलीय."

"तुझ्या हातात फोन आहे. बोटानं खाली आण. तबला उतरत नाही हे कारण तरी आता सांगू नकोस."

"इथे आणेन गं. परीक्षेच्या सेंटरवर काय करू? तिथे अ‍ॅप चालत नाही, खरे तबले असतात. मुलींचा काळी पाच, मुलांचा काळी एक."

"मग मुलांचा द्या तिला."

स्वाती हसली. "मुलांचा कसा देणार?"

"का?"

तिला खरंच माहीत नव्हतं. तिनं फोटोकडे पाहिलं. "सर म्हणायचे..."

"सर काय म्हणायचे ते मला पाठ आहे."

"तू अजून रागावलेली आहेस?"

"हो."

"त्यांनी किती दिलं गं आपल्याला."

"तुला दिलं," मी म्हटलं आणि परत आले.

घरी येऊन रेवाला समोर बसवलं. तिच्या फोनवर तेच अ‍ॅप होतं. मी तिला म्हटलं, सा लावू नकोस, नुसतं बोल, शाळेत काय झालं ते सांग. ती बोलत राहिली आणि मी पट्टी एकेक घर खाली आणत गेले. मग म्हटलं, आता लाव. नाही बसला. आणखी खाली. पुन्हा नाही. काळी तीनवर आलो आणि तिच्या कपाळावरची आठी गेली. सा भरून आला. ती भूपाचा आरोह करत वरच्या सा वर गेली, तिथे थांबली आणि डोळे मोठे करून माझ्याकडे बघायला लागली. तो आवाज मी ओळखला. तो माझाच होता, एका रविवारचा.

मग मी पेटी शिकलेल्या कुठल्याही पोराला येतं ते गणित बोटांवर केलं. तबला गाणाऱ्याच्या सा ला लावतात, नाहीतर त्याच्या पंचमाला. काळी तीनचा पंचम म्हणजे काळी एक. म्हणजे मुलांचा तबला. माझ्या गळ्याला हवा तो तबला तो सगळा उन्हाळा सरांच्या डोक्यावर फळीवर बसून होता. तो आणायला बाजारात जायचं नव्हतं, हातोडीसुद्धा लावायची नव्हती. हात वर करून खाली घ्यायचा होता. आणि सा, पंचम ज्याला कळत नाही असे सर नव्हते. जन्मभर तेच शिकवलं त्यांनी. त्यांना माहीत असणारच. पण तो मुलांचा होता.

मी उठून फ्रीज उघडला आणि रेवाला पेलाभर ताक दिलं. तिनं घाबरून विचारलं, "चालेल?" मी म्हटलं, पी.

परीक्षेच्या दिवशी सेंटरच्या शाळेत सगळं तसंच होतं. व्हरांड्यात परकर-पोलक्यातल्या मुली, तोंडाला पावडर, आयांच्या हातात कोमट पाण्याच्या बाटल्या, आणि सगळ्यांच्या ओठांवर अर्धवट भूप. स्वाती एका खांबापाशी उभी होती, माझ्याकडे बघायचं टाळत. रेवाचं नाव पुकारलं. पालकांना आत सोडत नाहीत. दाराच्या बाजूच्या खिडकीची एक काच फुटलेली होती, मी तिथे जाऊन उभी राहिले.

आतून रेवाचा आवाज आला. "सर, मला काळी तीन हवीय. आणि तबला मुलांचा हवाय."

"मुलांचा?" हा तबलजींचा आवाज असावा.

स्वाती खांब सोडून दोन पावलं पुढे आली. मग परीक्षक, कागदावरून मान वर न करता बोलावं तसं, म्हणाले, "हवा तो द्या की तिला."

गवसणीची नाडी सोडल्याचा आवाज आला. तबल्यावर दोन टपल्या पडल्या. संपलं. एवढंच लागतं त्याला. एका माणसानं द्या म्हणायचं आणि दुसऱ्यानं नाडी सोडायची. एवढ्यासाठी माझा सबंध गळा गेला होता. त्या खिडकीपाशी मला इतका संताप आला की गज धरून उभं राहावं लागलं. सर जिवंत असते तर मी तशीच चिंचवडला गेले असते.

रेवानं सा लावला. जड, खालचा, शांत. ती ख्याल म्हणायला लागली तसे माझे ओठ हलायला लागले, नेहमीसारखे. शब्द मला येतच होते. ते विसरायला कुणी शिकवलं नव्हतं. ती तानेवर गेली, मीही गेले. वरच्या सा वर ती थांबली.

शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंनी माझ्या दंडाला हात लावला. "अहो, जरा हळू म्हणा ना. आत परीक्षा चाललीय."

त्या कुणाला म्हणतायत ते बघायला मी मागे वळले. मागे कुणीच नव्हतं.